मंडळं फार, पेटीवाला एक

लासलगावात दोन गोष्टींची आवक कधी थांबत नाही. एक कांद्याची आणि दुसरी मंडळांची. कांद्याची हकीकत जगजाहीर आहे. १९४७ साली इथं बाजार समिती स्थापन झाली आणि आज आशियातली सर्वांत मोठी कांद्याची बाजारपेठ म्हणून दिल्लीतले मंत्रीसुद्धा आमच्या भावाकडं डोळे लावून बसतात. मंडळांच्या आवकेकडं मात्र अजून कोणाचं लक्ष गेलेलं नाही. भजनी मंडळ, महिला भजनी मंडळ, त्यातून रुसून निघालेलं दुसरं महिला भजनी मंडळ, बँजो पार्टी, ढोल-ताशा पथक, हौशी ऑर्केस्ट्रा, निवृत्त मंडळींचा कराओके ग्रुप, शाळांची स्नेहसंमेलनं, गल्लोगल्लीचे गणपती आणि नवरात्रातल्या देव्या. या सगळ्यांना मिळून एक माणूस लागतो, तो म्हणजे पेटीवाला. आणि पेटीवाले गावात इतके की एका हाताच्या बोटांवर मोजावेत, त्यातलीही दोन बोटं नोकरीनिमित्त नाशिकला गेलेली.

उरलेल्यांपैकी एक मी. दिवसा एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांद्याचे हिशेब लिहितो, दिवस मावळला की पेटी उचलतो. संगीतातलं माझं शिक्षण अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या ‘प्रवेशिका पूर्ण’पर्यंत. पुढं मध्यमा आणि विशारद होतं, पण तोवर मंडळांनी मला शोधून काढलं होतं आणि एकदा मंडळांनी शोधून काढलेल्या माणसाला रियाजाला वेळ मिळत नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ते संगीत दरबारातून बाहेर पडून घराघरांत जावं म्हणून. त्यांचा हेतू माझ्यापुरता तरी पूर्ण झालेला आहे. मी रोज निराळ्या घरात असतो.

एका गावात इतकी मंडळं कशाला, असा प्रश्न परगावच्या माणसाला पडतो. गावच्या माणसाला पडत नाही, कारण मंडळ कसं जन्माला येतं हे त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं असतं. मंडळ स्थापन होत नाही, ते फुटून निघतं. भजनाच्या सुरुवातीचा रूपाचा अभंग कोणी म्हणायचा यावरून एका एकादशीला आवाज चढतो. चार टाळकरी उठून जातात. पुढच्या एकादशीपर्यंत त्यांनी नवी सतरंजी घेतलेली असते, नव्या टाळांचे जोड आणलेले असतात, वर्गणी काढून नवी कोरी पेटीसुद्धा आणलेली असते. पेटी दुकानात मिळते, पेटीवाला मिळत नाही. मग दोन्ही मंडळं एकाच दाराशी येतात. दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद असतं, नुसत्या खाकरण्यावर व्यवहार चालतो आणि त्या दोघांमधला राहिलेला एकमेव दुवा म्हणजे माझी पेटी. मंडळं फुटतात, पेटीवाला फुटत नाही, हे या सगळ्या भानगडीचं मूळ आहे.

आमच्या गावाजवळ भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘कृषक’ नावाचं विकिरण केंद्र आहे. २००७ साली इथूनच किरणांतून काढलेला हापूस अमेरिकेला रवाना झाला. पण ते केंद्र मुळात उभारलं कांद्यासाठी. साठवलेल्या कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून त्यावर किरणांचा मारा करतात. मी दरवेळी त्या रस्त्यानं जाताना विचार करतो, की कांद्याला कोंब फुटू नयेत यासाठी देशानं अणुशक्ती कामाला लावली, मंडळांसाठी नुसता एक तलाठी नेमला असता तरी चाललं असतं.

आता एकेका मंडळाचं सांगतो. भजनी मंडळ हे सगळ्यांत जुनं आणि म्हणून सगळ्यांत हक्काचं. इथं पट्टी काळी चार किंवा काळी पाच. त्या उंचीवर गाताना बुवांच्या मानेच्या शिरा बोटाएवढ्या होतात, आणि जो त्याखाली गाईल त्याची भक्ती कच्ची समजतात. पोशाख पांढरा, डोक्याला टोपी, कपाळाला बुक्का. इथं तालीम नसते, कारण चाली पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या असतात आणि त्या प्रत्येक पिढीनं थोड्या थोड्या बदललेल्या असतात. मानधन म्हणजे नारळ. सप्ताहाच्या हंगामात आमच्या घरी खोबऱ्याशिवाय भाजी होत नाही.

महिला भजनी मंडळाची रीत निराळी. तिथं पट्टी आधी ठरत नाही. ज्या काकू पहिल्यांदा तोंड उघडतील त्यांच्या गळ्यात त्या क्षणी जो सूर असेल तोच त्या दिवशीचा सा. पेटीवाल्यानं तो पहिल्या दोन ओळींत हुडकायचा असतो. दुसऱ्या काकू दुसऱ्या सुरात येतात, तिसऱ्या या दोघींच्या मधल्या, जो माझ्या पेटीतच नाही अशा सुरात. या मंडळात बारा वर्षं काढलेला पेटीवाला जगातल्या कोणत्याही गवयाची साथ करू शकेल. हे मंडळ चुकवायची मात्र सोय नाही, कारण त्याच्या अध्यक्षा आमच्याच घरात राहतात.

बँजो पार्टी हे तरुणांचं क्षेत्र. आमच्याकडच्या या बँजोचा अमेरिकेतल्या बँजोशी काही संबंध नाही. १९१२ साली जपानमधल्या नागोयात मोरिता गोरो नावाच्या माणसानं तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवून एक वाद्य तयार केलं. ते हिंदुस्थानात येऊन बुलबुल तरंग झालं, त्याला वीजजोडणी मिळाली आणि शेवटी टेम्पोत चढून ते हळदीच्या मांडवापर्यंत पोचलं. आता त्याच्या जोडीला ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड असतो आणि कीबोर्डामागं लाल ब्लेझर घालून मी असतो. कीबोर्डला ‘ट्रान्सपोज’ नावाचं एक बटण असतं. ते दाबलं की सगळी पट्टी आपोआप वरखाली सरकते, बोटं मात्र जिथल्या तिथं राहतात. माझ्या मते विसाव्या शतकात हौशी वादकासाठी लागलेला हा सर्वांत दयाळू शोध आहे. असलं बटण महिला भजनी मंडळात बसवता येईल का, याची मी चौकशी केली होती.

पेटीचं स्वतःचं कुळही असंच लांबचं. १८४२ साली पॅरिसच्या देबँनं हार्मोनियमचं पेटंट घेतलं. पायानं भाता हलवायचा तो बाजा. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी पुढं त्याला हातभाता दिला आणि मांडी घालून वाजवायची सोय केली. ऑल इंडिया रेडिओनं १९४० साली पेटीवर बंदी घातली, कारण तिच्यातून आपल्या संगीतातल्या श्रुती आणि मींड निघत नाहीत. ती बंदी सैल व्हायला तीसेक वर्षं लागली. पेटीवाल्यांच्या इतिहासातला तो एकमेव विश्रांतीचा काळ ठरायचा, पण भजनी मंडळांनी तेव्हाही रेडिओचं ऐकलं नाही.

ढोल-ताशा पथकात पेटीचं काही काम नाही, हे कोणालाही पटावं. तरी तिथंही माझं नाव आहे. नाशिकचा ढोल आता इतका गाजला आहे की केरळातल्या मिरवणुकांतही ‘नाशिक ढोल’ याच नावानं तो वाजतो. अशा ढोलाला संगीतातला एखादा जाणकार बरोबर हवा, असं पथकाच्या पोरांना वाटलं. त्यांनी मला जाणकार म्हणून घेतलं आणि हातात ध्वज दिला. चाळीस ढोलांच्या मधोमध उभं राहून मी सुराकडं लक्ष ठेवतो. कराओके ग्रुपला तर वाजवणाऱ्याचीच गरज नाही, वाद्यमेळ सगळा मोबाइलमध्ये भरलेला असतो. तिथं मला का बोलावतात? तर वायर कोणती कुठं खुपसायची हे ‘तुम्हा कलावंतांनाच कळतं’ म्हणून. आणि हौशी ऑर्केस्ट्राची तालीम व्हायची अमावास्येला, कारण अमावास्येला लिलाव बंद ठेवायची बाजारात जुनी रीत आणि आमचा ड्रमवाला मापारी. कार्यक्रम पडला की विरोधक म्हणत, तालमीचा मुहूर्तच अमावास्येचा, दुसरं काय होणार!

इतकी मंडळं एका कॅलेंडरवर बसवणं ही खरी कला, पेटी त्या मानानं सोपी. ‘कालनिर्णय’ १९७३ पासून निघतं, पण त्याच्या चौकोनात एका दिवसाला इतक्या सुपाऱ्या लिहाव्या लागतील याचा विचार त्यांनी केलेला दिसत नाही. मार्गशीर्ष घ्या. चंपाषष्ठीला खंडोबा, पौर्णिमेला दत्तजयंतीचा सप्ताह, तुळशीच्या लग्नापासून सुटलेली लग्नं भरात, शाळांची स्नेहसंमेलनं सुरू व्हायला आलेली आणि खळ्यावर लाल कांद्याची आवक शिगेला. पौषात लग्नं थांबतात, तर नैताळ्याला मतोबा महाराजांची यात्रा भरते आणि निवृत्तीनाथांच्या यात्रेसाठी दिंड्या त्र्यंबकेश्वराला चालू लागतात. आमचा पखवाजवाला दिंडीबरोबर जातो आणि जाताना मागच्या सगळ्या मंडळांचा ताल बरोबर घेऊन जातो. चैत्रात रामनवमी आणि हनुमान जयंती, वैशाखात पुन्हा लग्नं आणि उन्हाळ कांदा. अधिक महिना आला की लग्नं बंद होतात म्हणून श्वास घ्यावा, तर त्या महिन्याचं पुण्य अधिक म्हणून सप्ताह दुप्पट. या दिवसांत पेटीवाला म्हणजे पाण्याचा टँकर. प्रत्येक वस्तीला तो आधी आपल्याकडं हवा असतो आणि दुसऱ्या वस्तीत उभा दिसला की राग येतो.

तो राग व्यक्त करायचीही आमच्याकडं एक पद्धत आहे. भजनी मंडळाचे नाना मला कोटमगाव रस्त्यावर गाठतात.

“मास्तर, तुम्ही हल्ली त्या नव्या मंडळात जाऊन ऱ्हायले म्हणे?”

“नाना, एका एकादशीला गेलो फक्त. त्यांचा पेटीवाला नव्हता.”

“जा ना, जा. आमचं काही म्हणणं नाही. आम्हाला समजलं, एवढंच सांगून ऱ्हायलो.”

एवढं बोलून नाना चहा पाजतात. चहा पिऊन होईपर्यंत पुढच्या तीन एकादश्या माझ्या नावावर चढलेल्या असतात. भांडण करणाऱ्या माणसाला नकार देता येतो. चहा पाजणाऱ्याला देता येत नाही, आणि निफाड तालुक्यात चहा न पाजता भांडणारा माणूस अजून जन्मलेला नाही.

दोन कार्यक्रम एकाच वेळी आले तर काय करायचं, याचा आमच्याकडं अलिखित कायदा आहे. पहिला मान मयताच्या घरच्या भजनाचा. लग्नाची सुपारी सहा महिने आधी येते, हे बोलावणं सहा तास आधीही येत नाही. पण ते आलं की बाकी सगळं गुंडाळायचं आणि त्यावर कोणतंही मंडळ हरकत घेत नाही. त्या रात्री फुटलेल्या मंडळांचे टाळकरीही एका ओळीत बसतात आणि रूपाचा अभंग कोणी म्हणायचा हा प्रश्न निघत नाही. दुसरा मान काल्याच्या कीर्तनाचा, कारण त्याला सगळं गाव असतं आणि पेटीवाला नसेल तर सगळ्या गावाला दिसतं. तिसरा लग्नाचा, कारण तिथं इसार घेतलेला असतो. मग आरती, मग शाळा. कराओके सर्वांत शेवटी, कारण त्यांना मोबाइल आहे.

ही क्रमवारी मी ठरवलेली नाही. आमच्या घरचं सुपाऱ्यांचं खातं सौभाग्यवतींकडं आहे आणि हा कायदा त्यांचा. माझा फोन आला की उचलतात त्या. “ते तालमीला गेलेत, तारीख सांगा,” म्हणतात आणि कॅलेंडरवर खूण करतात. भजनाला लाल, लग्नाला निळी, शाळेला हिरवी. महिला मंडळाला खूण नाही, ते गृहीत. कोणाला नाही म्हणायचं असलं तर त्याही अशा शब्दांत म्हणतात, की माणूस फोन ठेवताना त्यांचेच आभार मानतो. बाजार समितीच्या लिलावात त्या उतरल्या असत्या तर भाव पडलाच नसता.

भावाचं निघालं म्हणून सांगतो. आमच्या भागातल्या वाद्यांचा सगळा कारभार कांद्यावर चालतो, हे शहरातल्या रसिकांना माहीत नसेल. कांद्याला भाव असला की वरातीला ब्रास बँड, घोडा आणि पाठीमागं बँजोसुद्धा. भाव उतरला की पहिला फटका घोड्याला, दुसरा ब्रास बँडला आणि राहतो तो बँजो. आणखी उतरला तर स्पीकरवर गाणी. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यातबंदी आली आणि ती उठली २०२४ च्या मे महिन्यात, म्हणजे लग्नसराईचे बहुतेक दिवस तिच्यातच गेले. तेव्हा अर्थतज्ज्ञ शेतकऱ्याच्या नुकसानीवर बोलले, ग्राहकाच्या फायद्यावर बोलले. नवरदेव पायी गेला, त्यावर एकही अग्रलेख आला नाही. भाव पडलेल्या वर्षी भजनाला मात्र गर्दी वाढते. नारळाचा खर्च कमी आणि देवाकडं मागायचं जास्त.

पेटीवाला जेव्हा दोन्हीकडं जाऊ शकत नाही तेव्हा तो बदली पाठवतो. माझ्याऐवजी माझा शिकाऊ पुतण्या, पुतण्याची परीक्षा असली तर त्याचा मित्र आणि मित्राला जमलं नाही तर त्याचा कॅसिओ. याला गावढळपणा म्हणणाऱ्यांनी लंडनकडं पाहावं. तिथल्या वाद्यवृंदांतही ही चाल होती. जास्त पैशांचं काम मिळालं की वादक आपल्या जागी दुसऱ्याला पाठवून मोकळा व्हायचा. क्वीन्स हॉलच्या वाद्यवृंदाचे संचालक हेन्री वुड याला वैतागले आणि १९०४ साली त्यांनी फर्मान काढलं, की यापुढं बदली वादक चालणार नाही. चाळीसएक वादक ताडकन उठले, बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद काढला. तोच आजचा जगप्रसिद्ध लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा. म्हणजे रुसून फुटून निघायची रीत तिकडंही आमच्यासारखीच. फरक एवढाच, की तिथं वादक फुटले. इथं वादकाला फुटायला सवड नाही.

आणि आमच्याकडं तर बदलीचीही फारशी गरज पडत नाही, कारण खरी गोम वेगळीच आहे. पेटीवाला जसा सगळ्या मंडळांत, तसा पखवाजवालाही सगळ्यांत. मिरवणुकीत ढोलकी त्याचीच, ऑर्केस्ट्रात तबला त्याचाच आणि हळदीत ऑक्टोपॅड बडवतो तोही तोच, फक्त टोपी काढून. त्यामुळं आम्ही जिथं अडकतो तिथं सगळे मिळून अडकतो आणि जिथं पोचायला उशीर होतो तिथं कार्यक्रम सुरूच झालेला नसतो. माणूस एकटा चुकला तर गैरहजर ठरतो. सगळे एकदम चुकले तर कार्यक्रमाची वेळ पुढं गेली असं म्हणतात.

या कामी आम्हाला राजकारणी मंडळींची फार मदत होते. लग्नपत्रिकेवर मुहूर्त बारा पस्तीसचा असतो. बारा पस्तीसला माजी आमदारांचा सत्कार सुरू असतो. मग आजी आमदार येतात, मग बाजार समितीचे संचालक, सोसायटीचे चेअरमन आणि पुढच्या निवडणुकीला उभं राहायचा विचार असलेले एक तरुण नेते, जे सर्वांत लांब बोलतात. नवरा-नवरी घामाघूम उभी असतात, वऱ्हाड अक्षता मुठीत धरून घामेजतं आणि सगळा मांडव नेत्यांच्या नावानं बोटं मोडतो. मी मात्र त्या वेळात विंचूरच्या काल्याचं कीर्तन संपवून, बुक्का पुसून, ब्लेझर चढवून मांडवाच्या मागच्या बाजूनं आत आलेलो असतो. लोकप्रतिनिधींबद्दल माझ्याइतकी कृतज्ञता साऱ्या तालुक्यात कोणाला नसेल.

रात्रीची बाजू कायद्यानं सांभाळली आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले मोजके दिवस सरकार ती मुदत बारापर्यंत वाढवतं, एरवी दहाला पोलीस येतात. नाचणारी पोरं हळहळतात, नवरदेवाचे मामा फौजदारांशी बोलून पाहतात. आम्ही मात्र साडेनऊपासून शहाण्या मुलांसारखी वायरी गुंडाळायला लागलेलो असतो, कारण सप्ताहात दहा वाजता हरिजागराला बसायचं असतं आणि त्याला माइक लागत नाही. सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवायची नसते, पहारे लावलेले असतात. लाल ब्लेझर पिशवीत कोंबून पहाऱ्याला उभा राहिलेला विणेकरी तुम्हाला दिसला, तर त्याच्या भक्तीवर शंका घेऊ नका. त्याच्या वाहतूक व्यवस्थेचं कौतुक करा.

इतक्या ठिकाणी बसणाऱ्या बोटांची थोडी सरमिसळ होते, हे खरं. भजनातल्या गवळणीला सिनेमाची चाल लावायची प्रथा जुनीच आहे, तेव्हा हळदीतलं गाणं आणि सप्ताहातली गवळण या दोन्हींचे सूर बरेचदा एकच निघतात. फक्त एकीकडं पोरं नाचतात आणि दुसरीकडं म्हातारे डोलतात. गोंधळ होतो तो व्हॉट्सअपवर. आमच्या ऑक्टोपॅडवाल्यानं एकदा ‘उद्या सात वाजता, सगळ्यांनी लाल ब्लेझर, गॉगल कंपल्सरी’ हा निरोप बँजोच्या ग्रुपऐवजी भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. मंडळातल्या वडीलधाऱ्यांनी त्यावर काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी दोघे जण गॉगल लावून आले.

तरीही ‘मास्तर, तुम्ही नेमके कोणाचे?’ हा प्रश्न अधूनमधून येतोच. त्याला माझं उत्तर पुणतांबा. मनमाडहून दौंडकडं जाणाऱ्या गाडीत बसलं की वाटेत पुणतांबा लागतं. तिथं १९१८ साली रामचंद्र चितळकर जन्मले, म्हणजे आपले सी. रामचंद्र. सिनेमात त्यांची उमेदवारी मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये पेटीच्या साथीनं झाली, तेव्हा ते मूळचे आमच्याच जातकुळीतले. पुढं संगीतकार म्हणून ते सी. रामचंद्र, गायक म्हणून चितळकर, कुठं राम चितळकर, तर कुठं अण्णासाहेब. एकच माणूस इतक्या नावांनी वावरला आणि ‘अलबेला’च्या प्रेक्षकांपैकी कोणीही, तुम्ही नेमके कोणाचे, असं त्यांना विचारलं नाही. त्यांच्या वाद्यवृंदात ट्रंपेट वाजवणारे गोव्याचे चिक चॉकलेट मुंबईच्या ताजमहाल हॉटेलातही स्वतःचा बँड चालवत होते. हिंदी चित्रपटसंगीताचा सुवर्णकाळ म्हणतात तो एका जागी निष्ठेनं बसणाऱ्यांनी घडवलेला नाही, एकीकडचं उरकून दुसरीकडं पळणाऱ्यांनी घडवलेला आहे.

आमचंही तेच. गावात मंडळं इतकी दिसतात, पण आतली माणसं मोजायला गेलात तर तीच सात-आठ. पांढऱ्या टोपीत दिसली की भजनी मंडळ, लाल ब्लेझरमध्ये बँजो पार्टी, फेट्यात पथक. मंडळांच्या अध्यक्षांना वाटतं त्यांची मंडळं वेगवेगळी आहेत. प्रत्यक्षात लासलगावात मंडळ एकच आहे, कपडे तेवढे फार आहेत. आणि म्हणूनच इतक्या फाटाफुटीनंतरही एकाही मंडळाचा सूर दुसऱ्याहून निराळा लागलेला नाही.

तेव्हा मंडळींनो, दोन विनंत्या. लग्न ठरलं की लॉन आणि आचाऱ्याच्या आधी पेटीवाल्याला विचारा. लॉन पुष्कळ आहेत. दुसरी विनंती जास्त महत्त्वाची. तुमच्या घरात आठवी-नववीतलं पोरगं किंवा पोरगी दिवसभर मोबाइलवर बोटं चालवत असेल, तर बोटं तयार आहेत असं समजा आणि ती पेटीवर आणून बसवा. पहिलं वर्ष शेजारी बोलणं टाकतील, दुसऱ्या वर्षी तेच शेजारी नवं मंडळ काढून तुमच्या दारात येतील. शिकवायला मी फुकट येईन. वार मात्र आधी आमच्या सौभाग्यवतींना फोन करून ठरवा.